लॅपटॉपची राखण

बाबांना काम नेमून दिलं होतं ते असं: लॅपटॉपसमोर बसायचं, कोपऱ्यातले रेकॉर्डिंगचे आकडे पळताहेत ना ते बघायचं, आणि ते थांबले तरच डीजेच्या खांद्याला हात लावायचा. बाकी काहीही झालं तरी कशालाही हात लावायचा नाही. ‘काहीही’वर डीजेनं चांगलाच जोर दिला होता. जन्मभर बस चालवलेल्या माणसाला बसून राहायची सवय दांडगी, पण ती स्टिअरिंग आपल्या हातात असताना. इथे नुसतंच बसायचं होतं.

डीजे म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. चाळिशीला टेकला तरी बाबा त्याला डीजेच म्हणत, कधी कौतुकानं, कधी चिडवायला. शहरातल्या एका बड्या हॉटेलला शनिवार-रविवारसाठी कायमचा डीजे हवा होता. त्यांनी तासाभराचं सलग रेकॉर्डिंग मागवलं होतं. मध्ये तोडजोड नको, आणि गाण्याला गाणं जुळवायचं तेही मशीनकडून नाही, स्वतःच्या कानानं. आज संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं. एवढी वर्षं लोकांच्या लग्नांत नि वाढदिवसांत गाणी वाजवून झाल्यावर पहिल्यांदाच असं दार किलकिलं झालं होतं. सूनबाई औषधांच्या दुकानात दिवसभर उभी राहून घर ओढत होती. तिनं काल जेवताना शांतपणे सांगितलं होतं, “या वेळी नाही झालं तर माझ्या भावाच्या गोदामात लागायचं.” डीजेनं ताटातून मान वर न काढता “बरं” म्हटलं होतं. तो आवाज बाबांना ऐकू आला नव्हता, पण चेहरा दिसला होता.

राखणीची गरज पडली ती लॅपटॉपमुळे. गाणी मिसळायची आणि त्याच वेळी ती रेकॉर्डही करायची म्हटलं की त्या म्हाताऱ्या यंत्राला धाप लागायची. सकाळी दोनदा रेकॉर्डिंग मध्येच बंद पडलं आणि ते डीजेला अगदी शेवटी कळलं. म्हणून बाबा. शिवाय बाबा मध्ये बोलत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. बोलणार कसे? स्पीकर सुरू झाले की त्यांचं कानाचं मशीन शिट्ट्या मारायचं, म्हणून ते काढून त्यांनी टेबलावर ठेवलेलं. त्यांच्यापुरती खोली गप्प होती. फक्त टेबलावर टेकलेल्या कोपरांतून धप धप जाणवत होतं.

लॅपटॉपचं तोंड डीजेनं बाबांकडे फिरवलं होतं, स्वतःकडे पाठ. पडद्यावर बघून गाणी जुळवणाऱ्यांना तो डीजे मानतच नसे. पडद्यावर डोंगरांच्या दोन रांगा सरकत होत्या, वरची चालू गाण्याची, खालची पुढच्या गाण्याची. जुळलं की डोंगराखाली बरोबर डोंगर येतो, एवढं त्यानं बाबांना समजावलं होतं. बाबांनी ते आपल्या पद्धतीनं समजून घेतलं: दोन बस शेजारी शेजारी एका वेगानं पळवायच्या आणि प्रवाशांना धक्का न लागू देता एकीतून दुसरीत न्यायचं. बाजूला आवाजाची उभी पट्टी होती. हिरवी असली की उत्तम, पिवळी चालेल, लाल झाली की आवाज फाटतो.

सुरुवातीला सगळं हिरवंगार होतं. डोंगराखाली डोंगर येत होता, आणि बाबांना उगाचच आपण काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटत होतं. मुलगा कामात असताना त्याला इतका वेळ निवांत बघायला ते कित्येक वर्षांत बसले नव्हते.

मग पट्टी पिवळी झाली. चालेल म्हणाला होता. पुढचं गाणं आलं तेव्हा डीजेनं आवाजाचं गोल बटण थोडं उजवीकडे फिरवलं. त्याच्या पुढच्या गाण्याला आणखी थोडं. पट्टीचं टोक लाल झालं.

बाबा सावरून बसले. खालची रांग वरच्या रांगेच्या मागे पडत होती, डीजे तिला पुढे ढकलत होता, ती जास्तच पुढे जात होती. लंगडी चाल. डीजेनं हेडफोन डाव्या कानावरून काढून उजव्यावर दाबला आणि मान तिरकी केली. मग खोलीतला आवाज ऐकायला डावा कान राहिला, आणि त्याचा हात पुन्हा गोल बटणावर गेला.

ती मान बाबांच्या ओळखीची होती.

त्याच वयाचे असताना ते स्वतः अशीच मान तिरकी करून बस चालवत. कंडक्टरची घंटा नीट वाजत नाही म्हणून त्यांनी डेपोत तक्रार केली होती. घंटा बदलली, तरी ऐकू येईना, म्हणून कंडक्टरशी भांडण काढलं. डॉक्टरांकडे गेले तेव्हा डावा कान कामातून गेला होता आणि उजवा त्याच वाटेवर होता. नस सुकत जाते, डॉक्टर म्हणाले होते, परत भरत नाही. घरात आधी कुणाला होतं का, असंही त्यांनी विचारलं होतं. होतं. बाबांच्या वडिलांना होतं.

मुलाला काय काय दिलं आपण. नाक आपलं दिलं, उंची दिली, चिडकेपणा दिला, आणि शेवटी हेही दिलं. ज्याचं पोट कानावर चालतं त्याला.

आकडे मात्र पळत होते. ते थांबले असते तर खांद्याला हात लावता आला असता. आज लॅपटॉपला धाप लागावी, त्यानं मान टाकावी, अशी बाबा मनापासून वाट बघत होते, आणि ते यंत्र इमानेइतबारे सगळं नोंदवत होतं. एकदा त्यांचा हात उचलला गेला. पण थांबवून सांगायचं काय? तुझे कान चाललेत, हे? हात मांडीवर परत आला. गाडी उताराला लागली होती आणि ब्रेक त्यांच्या पायाखाली नव्हता. पुढचा सगळा वेळ पट्टी लालच राहिली.

शेवटचं गाणं विरलं. डीजे घामानं निथळत, हसत होता. कित्येक महिन्यांत तो असा हसला नव्हता. बाबांनी मशीन कानात घातलं.

“झालं बाबा. आकडे थांबले नाहीत ना?”

“आकडे पळाले. पण पट्टी लाल होत होती रे. आणि त्या रांगा मागेपुढे होत होत्या.”

“कधी?”

“निम्म्यानंतर सारख्याच.”

डीजेनं त्यांच्या पाठीवर प्रेमानं थाप मारली. “बाबा, तुम्हाला काय ऐकू येतंय त्यातलं?”

“ऐकलं नाही. बघितलं.”

“डोळ्यांचं काम नाहीये ते. थांबा, ऐकतो मी.”

लॅपटॉप स्वतःकडे वळवून त्यानं शेवटचा भाग लावला, हेडफोन चढवला, आवाज पूर्ण वाढवला आणि डोळे मिटून मान डोलावली. हेडफोन त्याच्या कानांवर घट्ट होता, तरी टेबलापलीकडे बसलेल्या बहिऱ्या माणसाला त्यातली कर्कश चिरचिर ऐकू येत होती.

“एक नंबर आलंय,” डीजे हेडफोन काढत म्हणाला. “थोडं दबकं वाटतंय, पण ते या वायरीमुळे.”

तो पाठवायच्या तयारीला लागला. बाबा उठले, टेबलाला वळसा घालून त्याच्या डाव्या बाजूला हातभर अंतरावर उभे राहिले. त्यांना खात्री करून घ्यायची होती, आणि आपली खात्री खोटी ठरावी म्हणून जीव तुटत होता.

“पाठवू नकोस,” ते नेहमीच्या आवाजात म्हणाले. “आधी कान दाखवून घेऊ. मी येतो बरोबर.”

स्वतःचा शब्द न् शब्द त्यांना मशीनमधून स्वच्छ ऐकू आला. डीजे पडद्याकडे बघून हसतच होता. त्यानं कळ दाबली, फाइल जाईपर्यंत ओठ दुमडून धरले, आणि ती गेल्यावर समाधानानं मागे टेकला. तेव्हा कुठे त्याला शेजारी हलणारे ओठ दिसले.

“काय बाबा? तोंडातल्या तोंडात काय बोलताय? मोठ्यानं बोला की.”

“काही नाही,” बाबा मोठ्यानं म्हणाले.