विमानाच्या पुस्तकाचा दुसरा भाग

मुलांनो, ही निजामाच्या राज्यातली गोष्ट. वडीगोद्रीचे रायभान आणि भुजंग लहानपणापासूनचे दोस्त. दोघांनी मिळून पुण्याहून विमानांवरचं एक पुस्तक मागवलं. आधी कोणी वाचायचं यावरून वाद झाला, तेव्हा त्यांनी ते मधोमध उसवलं. पहिला भाग रायभानकडे, दुसरा भुजंगकडे. वाचून झालं की अंबडच्या बाजारात अदलाबदल करायची, असं ठरलं.

रायभान मेंढरांमागं फिरताना वाचायचा. विमान हवेत कसं तरंगतं, ते त्याला नीट समजलं. पण उडत्या विमानाचं इंजिन बंद पडतं, तिथंच त्याचा भाग संपला. सुखरूप खाली कसं उतरायचं, ते भुजंगच्या भागात होतं. रायभानला दुसरं काही सुचेना.

बाजारच्या दिवशी भुजंग आला, तो हातात फक्त गुळाची पुडी घेऊन. पुडीच्या कागदावर विमानाचं चाक पाहून रायभान थबकला.

"भुजंग्या, हे काय?"

"पानं वाण्याला देऊन टाकली. गूळ बराबर दिला त्यानं. तुझ्यासाठीच आणला, खा!"

"मी वाट बघून राह्यलो व्हतो रे."

"वर गेलेलं खाली येणारच की! त्यात वाचायचं काय? मी तर उघडलंबी न्हाई."

"मंग मला द्यायचं व्हतं."

"कागदासाठी रुसतो व्हय रं?" भुजंग हसला.

रायभाननं पुडी सोडली. गूळ भुजंगच्या तळहातावर ठेवला, चिकट कागद धोतराला पुसला आणि तो वाण्याच्या दुकानाकडे चालू लागला. भुजंग मागून हाका मारत राहिला. रायभाननं वळून पाहिलं नाही.