नारळाएवढं सोनं

"सर, हे काय आहे?"

"सोनं," मुख्याध्यापक म्हणाले. "कसं दिसतंय, मामा?"

प्रयोगशाळेच्या नव्या काचेच्या कपाटात मधोमध नारळाएवढा गोळा बसवला होता. सुताराने घाईघाईत फासलेला सोनेरी रंग अजून ओला होता, आणि त्या वासाने मामांचं डोकं उठलं. मामा इथले परिचर. एकतीस वर्षं परीक्षानळ्या विसळताना कानावर जे तास पडले, त्यांतून त्यांनी कपाटातले बाकीचे, अणूंचे लाकडी गोळे घडवले होते. एका पिकोमीटरला मिलिमीटरचा दहावा भाग, म्हणजे खऱ्या अणूच्या दहा कोटी पट. घासायचं, कॅलिपरने मोजायचं, पुन्हा घासायचं. सगळे त्यांना 'मिलिमीटर मामा' म्हणत ते उगाच नाही.

"सर, आपल्या गोळ्यांत पोटॅशियम सगळ्यात मोठं. साडेचार सेंटिमीटर. सोनं तीन सेंटिमीटरपण भरत नाही."

"अहो, कपाट सराफांनी दिलंय. आज त्याच पाहुण्यांना सोनं बोराएवढं दाखवू? तुमच्या पोटॅशियमला कुत्रं तरी विचारतं का?"

"पण मुलं हेच खरं धरून चालतील."

"परीक्षेत गोळे विचारत नाहीत. ते सोडा, पाटी बघा."

कपाटाखाली पितळी रंगाची पाटी होती. 'निर्मिती', आणि पुढे मामांचं अख्खं नाव. एकतीस वर्षांत या भिंतीवर पहिल्यांदाच. ते बघायला बायको ठेवणीतले कपडे घालून दुपारी यायची होती.

मामांनी रसायनशास्त्राच्या बाईंकडे पाहिलं. ही मापं बाईंच्याच तासाला शिकलेली.

"जाऊ द्या ना, मामा," बाई हसून म्हणाल्या. "आता वर्षभरात रिटायर व्हाल."

मामांना शिसारी आली. त्या रंगाची आली, बाईंच्या हसण्याची आली, आणि सगळ्यात जास्त स्वतःची. कारण पाटी पाहून क्षणभर त्यांनाही वाटलं होतं, राहू दे की!

सगळे पाहुण्यांना आणायला फाटकाकडे गेले, तेव्हा मामांनी खिशातून ब्लेड काढलं.

बायको आली तोवर कपाट बघून पाहुणे सभागृहात गेले होते. ती पाटीसमोर वाकली. 'निर्मिती' होतं, पुढे नुसते ओरखडे.

"अहो, नाव कुठंय?"

"मी खरवडलं."

"का? शेजारणींना सांगून आले होते मी."

मामांनी नारळाकडे बोट दाखवलं. "त्याच्याखाली नको माझं नाव. ते खोटं आहे." मग खिशातून छोटा लाकडी गोळा काढून तिच्या हातावर ठेवला. "हे सोनं. अठ्ठावीस पॉइंट आठ मिलिमीटर."

सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. तिने गोळ्यावरून अंगठा फिरवला. कुठेही खरखरीत लागला नाही.

"चला घरी," ती म्हणाली, आणि मूठ मिटली. गोळा तिच्या मुठीत पुरता मावला.