रुखवताच्या बाहुल्या

केशरनं नायलॉनच्या तुकड्यात वाटाण्याएवढा खडा धरला, कापड मुरगळलं आणि खड्याच्या खाली दोरा इतका करकचून आवळला की बोटावर वळ उठला. पुढचा खडा. पुन्हा तसंच. गाठींनी भरलेला तो तुकडा तिनं चुलीवरच्या पातेल्यात आदळला. उकळतं पाणी हातावर उडालं, तरी हात मागे घेतला नाही.

“घोटभर पाण्यापायी कोसभर चालावं लागतंय, आन् ही बाहुल्यांचे परकर उकळत बसली!” तिची आई राहीबाई दारातून कडाडली. मग आवाज खाली आला. “शेवटचाच ना? उद्या मांडाय पायजेत.”

“कुनाच्या नावानं मांडनार?”

राहीबाई चुलीपुढं येऊन बसली.

केशरला ठाऊक नव्हतं थोडंच! साखर कारखान्यातल्या मच्छिंद्रशी सुपारी फुटली ती केशरच्या नावानं. तेव्हापासून ती आपल्या रुखवताच्या बाहुल्या करत होती. शिंप्याकडच्या नायलॉनच्या चिंध्या मागून आणायच्या, नदीच्या कोरड्या पात्रातले खडे त्यात बांधून उकळायचे, आणि पार गार झाल्यावरच दोरे सोडायचे. कापडावर डाळिंबाच्या दाण्यांसारखे टपोरे फुगवटे उभे राहत. मग धुवा, पिळा, ते काही जात नसत.

आणि बस्ता झाल्यावर मुलाकडची माणसं जेवायला थांबली. धाकट्या छबूनं पानं वाढली. मुलाची आत्या साळूबाई हात धुता धुता म्हणाली, “थोरलीपरीस धाकटीच द्या. उजळ हाय.” झालं! वांगी बदलून मागावीत तसं. लग्न मोडलं तर चारचौघांत तोंड कसं दाखवायचं, म्हणून दादांनी, म्हणजे बापानं, मान डोलावली. तारीख तीच, बस्ता तोच, नवरदेव तोच. नवरी तेवढी दुसरी.

“इचारलं तर छबूनं केल्यात म्हनायचं,” राहीबाई जळतं लाकूड आत सारत म्हणाली. रुखवत नवरीच्या हातचं, सासरची माणसं त्यावरूनच पोरीची पारख करणार. “आन् तू उद्या सैपाकघरातच ऱ्हा. तुला बघून लोकं न्हाई न्हाई ते इचारतील.”

“म्या काय चोरी केली?”

“तोंड आवर. बहिनीचं चांगलं हुतंय, त्यात माती कालवू नको.”

राहीबाई गेली. भिंतीशी बसलेली छबू पुढे सरकली. “अक्का...”

“बोलू नको माझ्याशी. न्हाई म्हनाय तोंड नव्हतं व्हय तुला?”

“म्हनले हुते,” छबू म्हणाली. “दादांनी कानाखाली ठेवली.”

ते खरं असणार, हे केशरला कळलं आणि तिचा संताप दुप्पट झाला. आता हिच्यावरसुद्धा धड रागावता येईना.

दुसऱ्या दिवशी मांडवात रुखवत मांडलं. शेवया, कुरडया, सांडगे आणि मधोमध बाहुल्या. स्वयंपाकघरात पुऱ्या लाटणाऱ्या केशरला खिडकीतून सगळं दिसत होतं. साळूबाईनं नवरी बाहुली उचलली, तिच्या परकरावर नख दाबून पाहिलं.

“अगं बाई! हे दाने बसतच न्हाईत की! कुनी केलं?”

“आमच्या छबूनं,” राहीबाई म्हणाली.

“हाताला गुन हाय पोरीच्या. उगंच न्हाई म्या हिला पसंत केली!”

केशरच्या हातातलं लाटणं परातीत आपटलं. पिठाच्या हातांनीच तिनं कोपऱ्यातली पाटी उचलली आणि ती तडक मांडवात आली. कुणाकडे न बघता एकेक बाहुली पाटीत ठेवू लागली.

“केशे, आत हो,” राहीबाई दातओठ खात पुटपुटली.

“अगं अगं, नवरीचं रुखवत हाय ते!” साळूबाई ओरडली.

“व्हय. नवरीनंच केलतं,” केशर म्हणाली. तिचा आवाज मांडवाच्या टोकापर्यंत गेला. “नवरी तुमी बदलली, आत्याबाई. बाहुल्या न्हाई बदलल्या.”

साळूबाईनं हातातली बाहुली घट्ट धरली. केशरनं हात पुढे केला, तरी सोडेना.

मुंडावळ्या बांधलेली छबू पाटावरून उठली. राहीबाईनं पदर धरला, तो तिनं हिसडून सोडवला. साळूबाईच्या मुठीतून बाहुली काढून तिनं केशरच्या पाटीत ठेवली आणि बहिणीच्या शेजारी उभी राहिली.

“मला ह्यातलं काईबी येत न्हाई, आत्याबाई,” ती म्हणाली. “आता सांगा. पसंत हाय का?”

साळूबाईनं मच्छिंद्रकडे पाहिलं. तो खाली मान घालून बसला होता.