अल्बीनाच्या स्वयंपाकघरापर्यंत

मंगळवारी सकाळी दहाच्या ठोक्याला अल्बीना हावरानेक खिडकीशी खुर्ची ओढून ऐकायला बसायची. तिचा लेक लुमिर गावात आपल्या कारखान्याच्या छपरावर भोंगा वाजवायचा, आणि अडीच मैलांवरच्या मळ्यातल्या घरात तो ऐकू आला की नाही, हे तिनं फोन करून कळवायचं. दुसऱ्या कुणाला विचारायची सोयच नव्हती. तोंडदेखलं बोलणं अल्बीनाला जमत नसे, हे पाद्रीबाबांपासून दूधवाल्यापर्यंत नेब्रास्कातल्या त्या अख्ख्या काउंटीला ठाऊक होतं. ती "नाही" म्हणाली की नाही.

आदल्या वर्षी मे महिन्यात घरंदारं उचलून नेणारी वावटळ आली, तेव्हा गावात बंबखान्याची घंटा बडवली होती. गाव तळघरात शिरलं आणि वाचलं. अल्बीनाचा नवरा फ्रँक मळ्यावर गोठ्यात होता. गोठा गेला, फ्रँकही गेला. घंटा मळ्यापर्यंत पोचलीच नाही, असं अल्बीनानं सगळ्यांना सांगितलं. बापाला पुरून आल्यावर चौथ्या दिवशी लुमिरनं मक्याचे दाणे काढायच्या यंत्राचा जुना पंखा खोलून टेबलावर मांडला.

भोंग्यात जादू काही नव्हती. एक लोखंडी पिंप, त्याला सोळा खाचा. आत गरगर फिरणारं चाक, त्यालाही सोळाच. चाक हवा ओढतं, खाचा तिचे तुकडे पाडतात आणि ती हवा किंचाळते.

"म्हणजे कोबीची किसणीच की," अल्बीना म्हणाली होती. "फक्त हवा किसणारी."

पहिल्या भोंग्याला दोन अश्वशक्तीची मोटर होती. अल्बीना म्हणाली, नाही. दुसऱ्याला पाचाची लावली. नाही. तिसऱ्याला साडेसातची लावली तेव्हा औषधाच्या दुकानाची काच तडकली.

"आई, अगं गावात लोक कानात कापूस घालून फिरतायत!"

"मग गावातच वाजव. इथं माझं मांजर याहून मोठ्यानं ओरडतं."

काउंटीच्या साहेबांनी जूनअखेरची मुदत घातली होती. हावरानेकांच्या मळ्यावर आवाज पोचला तर लुमिरचे नऊ भोंगे बसवायचे, नाहीतर शिकागोच्या बड्या कंपनीचे मागवायचे. लुमिरनं चौथ्याला दहाची मोटर लावली.

त्या मंगळवारी घड्याळात दहा वाजले आणि टेबलाखाली झोपलेल्या ब्रोक कुत्र्यानं मान वर केली. कान टवकारले, तोंड वासलं आणि तो सरपटत चुलीमागे जाऊन बसला. अल्बीनानं कान दिला. काही नाही. ती दारात गेली. कुरणातल्या चौदाच्या चौदा गाई चरायच्या थांबून गावाकडे तोंड करून उभ्या होत्या. दोन मिनिटांनी सगळ्यांनी एकदमच माना खाली घातल्या. ब्रोक चुलीमागून बाहेर आला.

अल्बीना खुर्चीत बसली ती उठेचना.

दोन वर्षं तिच्या घरातल्या वस्तू एकेक करून बिघडत होत्या. फोनची घंटा वाजेनाशी झाली. कंपनीचा माणूस दोनदा येऊन "घंटा ठणठणीत आहे, बाई" म्हणाला, तेव्हा तिनं त्यालाच बिघडलेला ठरवलं. किटली शीळ घालेनाशी झाली. पाद्रीबाबा पुटपुटायला लागले. आणि त्या मेमध्येही, गोठा गेला त्या दुपारी, ब्रोक असाच चुलीमागे शिरला होता. त्यानं काही चोरून खाल्लं असेल म्हणून तिनं त्याला झाडूनं हाकललं होतं.

तिनं फोन उचलला. "वारा उलटा होता," ती लुमिरला म्हणाली. "पुढच्या मंगळवारी बघू."

रविवारी प्रार्थना झाल्यावर चर्चच्या दालनात कॉफी आणि खसखस भरलेले गोड पाव, कोलाच, होते. अल्बीना नणंदेशेजारी, रोझालीशेजारी, जाऊन बसली.

"मंगळवारी भाच्याचा भोंगा ऐकलास का गं?"

"माझ्या भाच्याचा भोंगा मी नाही ऐकणार? पण वहिनी, वारा उलटा होता ना."

"आणि अँटन, तू?"

"माझा पंप चालू होता," म्हातारा अँटन म्हणाला आणि त्यानं घाईनं कोलाच तोंडात कोंबला.

सात म्हाताऱ्यांना विचारलं, सात सबबी मिळाल्या. सगळ्या तिच्या ओळखीच्या होत्या, कारण त्या ती स्वतःच वापरत आली होती. मग तिनं अँटनच्या सुनेला गाठलं.

"ऐकला म्हणजे? अहो, दचकून हातातली अंडी सांडली माझ्या!"

पुढचा मंगळवार शेवटचा होता. काउंटीचे डॉरन्स साहेब स्वतः कारखान्यात येऊन उभे राहणार होते. दहा वाजले. ब्रोक चुलीमागे गेला. अल्बीनानं दोन मिनिटं जाऊ दिली आणि फोनचा दांडा फिरवला. बारा घरांत मिळून एकच तार होती. एकानं फोन केला की बाकीचे अकराही कान लावत, आणि आज तर लावणारच होते.

"ऐकू आला का, आई?" लुमिरनं विचारलं. "साहेब इथंच आहेत."

"हो" म्हटलं की संपत होतं. कुत्र्याला कोण विचारायला येणार? भोंगे विकले गेले असते, लेकाचं नाव झालं असतं, आणि पुढच्या वावटळीत ती, अँटन आणि रोझाली आपापल्या स्वयंपाकघरात निवांत बसून राहिली असती.

"ब्रोकला आला," ती म्हणाली. "गाईंना आला. मला नाही. मी बहिरी झालेय, लुमिर. तुझ्या बापाच्या वेळीही घंटा आली असेल. मला आली नाही."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि तारेवर कान लावून बसलेल्यांनी आता तोंडं उघडावीत. रोझाली, तू आहेसच. तुझी धाप ऐकू येतेय, तेवढं अजून येतं मला."

"वहिनी, चार लोकांत असं..."

"चार नाहीत, बारा घरं आहेत. बोल."

"मलाही नाही आला," रोझाली म्हणाली.

"माझा पंप..."

"अँटन, तुझा पंप मार्चपासून मोडून पडलाय!"

"बरं बाई. नाही आला."

एकेक करत आणखी तिघं बोलली. मग डॉरन्स साहेबांनी फोन घेतला. "हावरानेकबाई, मग तुम्हाला ऐकू येतं तरी काय?"

अल्बीनानं विचार केला. "मालगाडीचा भोंगा येतो. बैल डुरकतो तो येतो. किटली, घंटा, पाद्रीबाबा, हे गेलं. चिरकं तेवढं सगळं गेलं. जाड आवाज येतो."

मग लुमिर हळू बोलला, आईशी की स्वतःशी कुणास ठाऊक. "सोळाच्या जागी आठच खाचा पाडल्या तर आवाज खाली उतरेल. आणि मी मूर्ख वर्षभर मोटरच वाढवत बसलो."

"मी तीन आठवडे थांबतो," साहेब म्हणाले. "शिकागोवाल्यांचाही चिरकाच आहे." मग ते म्हणाले, "माझ्या आईच्याही फोनची घंटा सारखी बिघडत असते."

आठ खाचांचं चाक आठवड्यात झालं. पण जाड आवाजाला तोंडही रुंद लागतं. धान्याच्या कोठीचे पत्रे वाकवून लुमिरनं पुरुषभर उंचीचा कर्णा जोडला आणि खाली पाटी ठोकली, 'हावरानेक आठ'. मोटर परत साडेसातचीच बसवली.

जुलैतल्या मंगळवारी अल्बीनानं ब्रोकला नव्या गोठ्यात बांधून ठेवलं. गाई दिसू नयेत म्हणून खुर्ची फिरवली आणि खिडकीकडे पाठ करून बसली. फसवायचं नाही म्हणजे नाही.

आधी टेबलावरचा चमचा बशीत थरथरला. मग आवाज आला. बैलानं डुरकावं तसा, खालून वर चढत गेलेला, चढून तिथंच थांबलेला. खात्रीला दोन क्षण पुरे होते. ती दोन मिनिटं बसून राहिली.

मग फोन फिरवला.

"ऐकू आला?"

"आला."

"कसा आहे?"

"बेसूर. तुझा बाप गायचा तसा."

तारेवर ओळखीची धाप ऐकू आली.

"मलाही आला, वहिनी," रोझाली म्हणाली.

"तुला कुणी विचारलं?" अल्बीना म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.