मिस्त्रींची बैठक

"काका, हनुवटी जरा वर. हां! आता अजिबात हलू नका," मॅडम म्हणाल्या.

मिस्त्रींनी हनुवटी वर केली. समोर वीसेक पोरंपोरी मांडीवर फळ्या घेऊन त्यांच्याकडे टक लावून बघत होती. गावोगावचे पंप दुरुस्त करणारे मिस्त्री आज धाकट्या लेकीला, बारकीला, चित्रकलेच्या कॉलेजात पोचवायला शहरात आले होते. ती कागदपत्रं द्यायला ऑफिसात गेली आणि हे ट्रंक घेऊन या खोलीच्या दारात टेकले. तेवढ्यात मॅडमनी "आलात? किती उशीर!" म्हणत त्यांना थेट मधल्या स्टुलावर नेऊन बसवलं.

निघताना बायकोने बजावलं होतं, "तिथं शहाणपणा पाजळू नका. सांगतील तसं करा." मिस्त्रींनी ताडलं, इथे बापाचीही परीक्षा घेत असावेत. बाप हलला की पोरगी नापास!

"चित्रं काढायला शहर कशाला? म्हशी काय इथं कमी आहेत?" असं थोरल्या भावाने चारचौघांत विचारलं होतं. त्याच्याशी कडाकडा भांडून मिस्त्री निघाले होते. तेवढ्यात एक माशी नाकावर येऊन बसली. आता एका माशीपायी सगळं मुसळ केरात घालायचं? माशी नाकावरून मिशीत उतरली. मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी तरळलं, पण मान ढळली नाही.

"वा! काय भाव आहेत चेहऱ्यावर!" मॅडम पोरांना म्हणाल्या.

बापाला शोधत बारकी दाराशी आली. आधी तिला हसू फुटलं. मग तिने ट्रंकेतून कागद काढला आणि मागच्या रांगेत बसकण मारली.

बऱ्याच वेळाने एक म्हातारा धापा टाकत आला. "माफ करा मॅडम, बस चुकली. बसू का स्टुलावर?"

मॅडम गोंधळल्या. "मग हे कोण?"

"मी हिचा बाप," मिस्त्री बारकीकडे बोट दाखवून हळूच म्हणाले. "मॅडम, घेतलंत ना हिला? मी हललो नाही हो."

"बाबा, ॲडमिशन केव्हाच झालीय!" बारकी म्हणाली, आणि सगळा वर्ग खो-खो हसला. मग मिस्त्रीही हसले आणि आधी मिशी खसाखसा खाजवून घेतली.

पोरांनी चित्रं दाखवली. एकाने त्यांना कपाच्या कानासारखे कान दिले होते. बारकीच्या चित्रात मात्र एक खांदा उतरलेला होता, पाठ वाकलेली होती.

"एवढा वाकलोय मी?"

"पंपावर वाकल्यासारखेच बसता तुम्ही. जेवतानासुद्धा."

मिस्त्रींनी खांदा सरळ करून पाहिला.

"घरी न्या. आईला दाखवा."

"नको गं. म्हणेल, धडधाकट धाडला होता, म्हातारा होऊन आला. राहू दे तुझ्याकडेच."

फाटकातून बाहेर पडताना त्यांनी वळून हात वर केला. बारकी पोरींच्या घोळक्यात कसल्याशा गोष्टीवर खळखळून हसत होती. तिचं लक्ष नव्हतं. वर गेलेला हात मिस्त्रींनी केसांवरून फिरवला, जणू त्यासाठीच उचलला होता, आणि रस्ता ओलांडला.