एका दिवसाने मोठं लायसन्स

मी ट्रेलर ओढू शकतो हे सरकारला मान्य आहे. ट्रेलरला नाही.

त्याचं असं झालं. दहा वर्षांपूर्वी ताईची आणि माझी गाडीची टेस्ट एका दिवसाच्या अंतराने होती. तिची एकतीस तारखेला, माझी एक तारखेला. मला आठवडाभर आधीपासून उलट्या सुरू झाल्या. आई म्हणाली, "याचं एकदाचं उरकून टाका बाई." ताईने अर्ज करून आपली तारीख मला दिली. मी पास झालो. दुसऱ्या दिवशी तीही झाली, पण त्याच सकाळी नवा नियम लागू झाला: आजपासून मोठा ट्रेलर रस्त्यावर ओढायचा तर वेगळी परीक्षा. कालपर्यंतच्यांना माफ. माझ्या लायसन्सवर ट्रेलर फुकटात आला आणि ताईचं लायसन्स एका दिवसाने धाकटं राहिलं.

बाबांची पाण्याच्या टाकीची ट्रॉली रोज आमच्या आवारात शेडमध्ये मागे घालायची ती ताईच. मी मागे उभा राहून "येऊ दे, येऊ दे" ओरडायचो. ट्रेलरचा माझा अनुभव एवढाच, तोही तोंडी.

तरी घरात "ओढायचं असेल तर त्याला सांगा" असं माझं नाव झालं. मी कधी 'नाही' म्हटलं नाही. मी फक्त पुढे जायचो. एकदा अकरा मीटर रिव्हर्स टाळायला बावीस किलोमीटरचा वळसा घातला आणि पाहुण्यांना सांगितलं की या रस्त्याने देखावा चांगला आहे. मध्ये सिमेंटचा कारखाना होता.

मग ताईने पार्लरची नोकरी सोडली. जुनी कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायची चाकांवरची खोली, घेऊन आत दोन खुर्च्या, एक बेसिन, मोठा आरसा बसवला. बाजाराच्या मैदानात चौदा नंबरची जागा मिळाली. अट एकच: पहिल्या दिवशी नऊच्या आत गाडी जागेवर लागली पाहिजे, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्याला.

पुढचा म्हणजे मोबाइल कव्हरवाला. तो घडीचं टेबल काखेत धरून साडेसातपासून तिथे उभा होता.

"सावकाश होऊ द्या," तो मला म्हणाला. इतकं मनापासून माझ्याशी कोणी कधी बोललं नव्हतं.

चौदा नंबरच्या डावीकडे किल्लीवाले काका, उजवीकडे कुंड्यावाली मावशी. मी रिव्हर्स टाकून डावीकडे चाक फिरवलं, कॅरॅव्हॅन उजवीकडे गेली. उजवीकडे फिरवलं, ती आणखी उजवीकडे गेली. तिसऱ्या खेपेला गाडी आणि कॅरॅव्हॅन काटकोनात उभ्या राहून एकमेकींकडे बघायला लागल्या. चौथ्या खेपेला तीन कुंड्या फुटल्या.

"राहू दे रे," मावशी म्हणाल्या, "निवडुंगच होते." आणि चौथी कुंडी पोटाशी धरून बसल्या.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथलं अंगण खरंच थोडं वाकडं होतं. ते मी सगळ्यांना दाखवलंही.

ताई खिडकीशी आली. "मी करू का? आपल्या आवारात करायचे तसं?"

"ते आपलं आवार होतं. हे बाजाराचं मैदान आहे."

"म्हणजे चालत नाही?"

"नियम म्हणजे नियम."

नियमांचं पुस्तक मला पाठ आहे. सतराव्या पानावर स्पष्ट लिहिलंय: फाटक असलेल्या खासगी जागेत मालकाची परवानगी पुरते, ट्रेलरचं लायसन्स लागत नाही. फाटक माझ्या समोर होतं. मैदानाचे मालक, गळ्यात शिट्टी अडकवलेले साहेब, फाटकाला टेकून उभे होते. आणि मी सख्ख्या बहिणीला तोंडावर खोटं सांगितलं, कारण किल्लीवाले काका बघत होते. ते माझे कोणीही लागत नाहीत.

ताईने मान हलवली. विश्वास ठेवला. मागे जाऊन उभी राहिली आणि हात करून ओरडायला लागली, "येऊ दे, येऊ दे."

नऊला बारा मिनिटं कमी होती. कव्हरवाल्याने टेबलाचा एक पाय उघडला.

मी इंजिन बंद केलं. उतरलो. कानांच्या पाळ्या इतक्या तापल्या होत्या की त्यावर इस्त्री झाली असती.

"साहेब, ही आत चालवू शकते ना? तुमची हरकत नसेल तर?"

"माझी कसली हरकत? तुम्हीच का झगडताय म्हणून मी केव्हाचा बघतोय."

ताईने माझ्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"सतरावं पान," मी म्हणालो.

ती माझ्या जागेवर जाऊन बसली. स्टिअरिंग खालून धरलं, कॅरॅव्हॅनचं शेपूट जिकडे हवं तिकडे हात नेला, आणि एका दमात गाडी चौदा नंबरात. कव्हरवाल्याने टेबलाचा पाय मिटला आणि पहिली टाळी त्यानेच वाजवली.

सोमवारी मी लायसन्सच्या ऑफिसात गेलो. म्हटलं, मला ट्रेलरची परीक्षा द्यायची आहे.

खिडकीतल्या बाईंनी कार्ड पाहिलं. "तुमच्याकडे आहे की."

"पण मला येत नाही."

"अहो, पण तुम्हाला नापास करायची सोय नाही."

ताईची परीक्षा चार महिन्यांनी आहे. तोवर रस्त्यावर सराव करायचा तर शेजारी लायसन्सवाला शिकवायला बसलेला लागतो. तो मी. दर रविवारी गाडीला 'शिकाऊ' पाटी लावून ती चालवते आणि मी शिकवत असल्यासारखा बसतो. काल मैदानात परत आलो तेव्हा मावशी म्हणाल्या, "भावाने छान तयार केलं हो तुला!"

"मावशी, शिकाऊ मी आहे," मी म्हणालो. "आणि हे लायसन्स हिच्या तारखेचं आहे."

मावशी खूप हसल्या. मी विनोद करतो अशी माझी ख्याती आहे.

ताई नाही हसली. हँडब्रेक ओढून उतरली, फेरी मारून माझ्या दाराशी आली. "सरक तिकडे," म्हणाली, "स्टिअरिंग खालून धर." आणि मावशींना म्हणाली, "कुंड्या आत घ्या."