माझ्या पोटातली विभूती

मित्रांनो, मुखेडच्या मल्लम्माबाईंच्या खिडकीशी बसलेला मी एक जुना कॉम्प्युटर आहे. वय बारा वर्षं. आमच्यात एवढ्या वयाच्याला आजोबा म्हणतात.

मला आणलं ते त्यांच्या मुलाच्या, वीरेशच्या बारावीसाठी. तेव्हा घरात पाहुणा आला की आधी मला दाखवत, मग पाणी देत. पुढे वीरेश लातूरला नोकरीला गेला आणि विणलेल्या रुमालाखाली मी गप्प बसून राहिलो. एका दुपारी बाईंनी तो रुमाल काढला आणि एका बोटाने स्वतःचं नाव लिहिलं. अर्धा तास लागला. आज त्यांच्या दारावर 'मराठी टायपिंग करून मिळेल' अशी पाटी आहे. गावातल्या लग्नपत्रिका, बचत गटाचे अर्ज, सगळं माझ्यावरच होतं.

दर खंडेनवमीला माझी पूजा होई. विभूती, हळदकुंकू, अक्षता. माझा पंखा चालू असे. तो सगळा प्रसाद आत ओढून घेई.

यंदा मी लिहिता लिहिता बंद पडू लागलो. मग पडदा उजळेचना, नुसता लांब सुरात टूंऽ टूंऽ वाजत राहिलो. गावातल्या कावेरीबाईंच्या मुलीची लग्नपत्रिका अर्धी राहिली. सुट्टीला आलेला वीरेश म्हणाला, "आई, ह्यात काही राह्यलं न्हाई. बाजाराच्या दिवशी भंगारात देऊ. मोबाईल हाय की तुला."

"मोबाईलवर पत्रिका मांडता येती का? थांब जरा. ते काहीतरी सांगून राहिलंय, आपल्याला कळंना."

बाजाराला दोनच दिवस होते. बाईंनी मोबाईलवर तसलाच टूंऽ टूंऽ आवाज शोधला. बिघाड मेमरीत, असं कळलं. माझी वायर काढून त्यांनी बाजूचं झाकण उघडलं आणि बघतच राहिल्या. आत त्यांचीच बारा वर्षांची भक्ती साचली होती.

"अगं बाई, मीच घातलं की हे."

त्यांनी मऊ ब्रशने विभूती झाडली. मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच घासले. मग एकेक पट्टी लावून पाहिली. पहिली लावली, मी ओरडलो. तीच दुसऱ्या खाचेत बसवली, तरी ओरडलो. दुसरी लावली आणि पडदा उजळला. कावेरीबाईंची अर्धी पत्रिका डिस्कवर जशीच्या तशी होती.

वीरेश हसला. "म्हणजे ह्याची निम्मी अक्कल गेली."

"निम्म्या अकलेवर लोकं संसार करून राहिलेत. ह्याला तर नुसत्या पत्रिका करायच्यात."

आता मी सावकाश चालतो, पण चालतो. मित्रांनो, आमच्यावर माया असेल तर कोरडं फडकं फिरवा. आणि टाकून देण्याआधी एकदा झाकण उघडून आमचं दुखणं विचारा.

परवाच्या खंडेनवमीला बाईंनी ती गेलेली पट्टी पाटावर ठेवली आणि विभूती तिला लावली. मग माझी वायर काढून मला नीट पुसलं, आणि हात जोडले ते मात्र माझ्याकडे बघून.